वाळत घातलेलं सिमेंट

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी परवा माझी दाढ कोरून काढली आणि म्हणाल्या, "आता यात सिमेंट भरते, काका. दोन तास काही खाऊ नका." तोंडात कापूस कोंबलेला होता, तरी मला राहवलं नाही. बोबड्या आवाजात विचारलं, "तराई किती दिवस?" बाई भंडाऱ्यात नवीन असाव्यात. तराई म्हणजे बांधकामावर रोज पाणी मारणं, हे मी हातवारे करून समजावलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काका विनोदी आहेत."

मी विनोदी नाही. पंचायत समितीच्या बांधकाम विभागात उभी हयात काढलेला माणूस विनोदी राहूच शकत नाही. आणि तो प्रश्न माझा नव्हता. तो पंचफुलाबाईंचा होता. अशाच एका खुर्चीत बसून, असाच जबडा उघडा ठेवून त्यांनी तो विचारला होता, आणि अगदी गंभीरपणे विचारला होता.

पंचफुलाबाई मूळच्या कारध्याच्या. वैनगंगेच्या काठावर घर, त्यामुळे रेती त्यांनी जन्मापासून पाहिली होती. सिमेंट लग्नानंतर पाहिलं. नवरा मिस्त्री. आमच्याकडे डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईला रेजा म्हणतात. नवऱ्याच्या हाताखाली पंधरा वर्षं त्या रेजा होत्या. मग नवरा पाठीनं अधू होऊन घरी बसला, आणि एके दिवशी बाईंनी त्याची मसाला लावायची थापी आपल्या पिशवीत टाकली आणि कामावर गेल्या. कोणी विचारलं, "थापी कोनाची आनली?" तर म्हणाल्या, "माझ्याच घरची आहे. चोरली नाही." मी मोहाडीला कनिष्ठ अभियंता म्हणून आलो तेव्हा त्या दुसऱ्या एका मिस्त्रीच्या टोळीत होत्या. काम मिस्त्रीचं करायच्या, बोलावणं मात्र रेजाचं.

ठेंगणी मूर्ती, काळासावळा रंग, पातळाचा काष्टा, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. पाहताना आधी दिसायचे ते हात. रोज सकाळी जवसाचं तेल चोळूनही तळव्यांना भेगा पडलेल्या, बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झालेली. पुढे रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं, त्याला बाईंचा अंगठा कधी ओळखू आला नाही. दुकानदार वैतागायचा. बाई शांतपणे दुसरं बोट लावायच्या, मग तिसरं. "मशीनले म्हना, दहा आहेत. घाई नाही," असं म्हणून रांगेला हसवायच्या.

त्या हातांचा मला पहिला झटका बसला तो रस्त्याखालच्या एका मोरीच्या कामावर. सिमेंटच्या बोऱ्या आल्या होत्या. बाईंनी एका बोरीचं तोंड उसवलं, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. डोळे मिटले. तापाच्या पोराच्या अंगाला हात लावून आई थांबते, तशा थांबल्या. मग म्हणाल्या, "थंड आहे. चालते."

मी नवाच होतो, डिप्लोमाची शाई ओली होती. म्हटलं, "बाई, सिमेंट म्हणजे काय माहीत आहे का तुम्हाला?" आणि पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवली: चुनखडी आणि माती भट्टीत भाजून, दळून केलेली, पाण्याशी संयोग होऊन कठीण होणारी भुकटी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरोबर आहे. पर त्यात मेन गोष्ट नाही सांगितली."

"कोणती?"

"एकच डाव."

डाव म्हणजे वेळ, एवढंच मला कळलं. बाईंनी समजावलं. "लोखंड वाकलं त सरळ होते. लाकूड मोडलं त चुलीत जाते. माती भिजली, वाळली, फेर भिजवा, फेर माती. सिमेंट पानी एकच डाव पिते, साहेब. अन् जमते बी एकच डाव. तवा त्यानं पानी कवा प्यावं, कोनाच्या हातून प्यावं, हे आपन पाहावं लागते."

पुस्तकात ते होतं, पण चार पानांत आणि इतकं स्पष्ट नव्हतं.

शब्दांच्या बाबतीत बाई फार काटेकोर. बोरीत आहे तोवर सिमेंट. रेती मिसळली की मसाला. गिट्टी, म्हणजे खडी, पडली की माल. कोणी 'सिमेंटचा रोड' म्हणालं की त्यांना खपत नसे. "रोड गिट्टीचा आहे. सिमेंट त्यात मिठावानी. भाजीत मीठ टाकता म्हनून तिले मिठाची भाजी म्हनता का?" सरपंच असो की शाळेचे गुरुजी, ही दुरुस्ती सगळ्यांना सारखी. आणि 'सिमेंट वाळलं' असं कोणी म्हटलं तर हातातलं काम थांबवून वळायच्या. "वाळते ते धान. वाळते ते लुगडं. सिमेंट पकते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब नाही, आणि तरीही ज्या दिवशी ते म्हणायला हवं होतं त्या दिवशी मी म्हटलं नाही. ती गोष्ट येईलच.

आधी दाढेची सांगतो. बाईंची दाढ दुखत होती, गाल सुजला होता. भंडाऱ्याला सरकारी कामाने जाणार होतो, म्हणून त्यांना जीपमध्ये घेतलं आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे बसवलं. डॉक्टर म्हणाले, "कीड काढली, आता सिमेंट भरतो." बाई ताडकन उठून बसल्या. कुठल्या कंपनीचं, किती जुनं, बोरी कोरड्यात ठेवता का, सगळी चौकशी झाली. मग तो प्रश्न. "तराई किती दिवस?"

डॉक्टर म्हणाले, "मावशी, तासभर पाणी अजिबात लागू द्यायचं नाही."

बाईंचा चेहरा पडला. जीप मोहाडीच्या वाटेला लागली. शेवटी म्हणाल्या, "ज्याले पानी चालत नाही ते सिमेंट कसं, साहेब?" मी म्हटलं, नाव तेच, जात वेगळी असेल. त्यावर बराच विचार करून त्यांनी निकाल दिला, "असंल. आमच्या गावात बी दोन पंचफुला आहेत. दुसरी कामाची नाही." पण डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. एक तास त्यांनी पाळला. त्यानंतर तीन दिवस तोंडात पाण्याची गुळणी धरून काम केलं. टोळीतल्या रेजा सांगायच्या की त्यांच्या जन्मात ते तीन दिवस सगळ्यात शांततेचे होते. दाढ शेवटपर्यंत टिकली, हेही सांगितलं पाहिजे.

आता शाळेची गोष्ट. मोहाडी तालुक्यातलंच गाव. नाव घेत नाही, कारण त्यात ज्यांची चूक झाली ती सगळी भली माणसं होती. त्यांच्यातला एक मी.

गावाला शाळेची एक खोली बांधायची होती. ग्रामपंचायतीनं मिस्त्री शोधायला सांगितला तेव्हा मी पंचफुलाबाईंचं नाव सुचवलं. बाई म्हणून थोडी कुजबुज झाली, पण साहेबच म्हणतात म्हटल्यावर सरपंचांनी मान डोलावली. मुख्य मिस्त्री म्हणून बाईंचं ते पहिलं काम. पाया झाला, भिंती आल्या, ओळंबा सोडला तर दोरी आणि भिंत यांत केसाचा फरक दिसत नव्हता. राहिला होता स्लॅब.

सिमेंट महिनाभर आधीच आलं होतं आणि ठेवायला जागा नव्हती. शाळा समितीचे अध्यक्ष तुळशीराम दादाजी, सत्तरीचे शेतकरी, म्हणाले, माझ्या कोठ्यात ठेवा. धान ठेवतात तसंच त्यांनी ते ठेवलं: खाली तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, थर, वर बोऱ्यांची थप्पी, भिंतीला टेकून. धानाला ते मानवतं. पण मध्ये दोन दिवस अवकाळी पाऊस झाला, छपराच्या कवेलूतून, म्हणजे कौलांतून, पाणी झिरपलं, तणस ओलं झालं आणि खालपासून बोऱ्या भिजल्या.

धानाच्या गावात ओल्या झालेल्या गोष्टीचं काय करतात? जे दादाजींनी केलं तेच. त्यांनी आणि त्यांच्या म्हातारीनं बोऱ्या खळ्यावर नेल्या, ताडपत्रीवर सिमेंट पसरलं, दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. दिवसातून चारदा पायानं खालीवर केलं. गठ्ठे झाले होते ते मुसळानं कांडले, चाळणीनं चाळले. मग पुन्हा बोऱ्यांत भरून दाभणानं तोंडं शिवून टाकली. शिवण इतकी सुबक की कारखान्याची वाटावी. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? गावाची वस्तू खराब होत होती, ती वाचवली.

स्लॅबच्या दोन दिवस आधी मी तपासणीला गेलो. कोठ्याच्या दारातूनच थप्पी पाहिली, बोरीवरचा छापील महिना वाचला, दादाजींच्या घरचा चहा घेतला आणि नोंदवहीत लिहिलं, 'साहित्य पाहिले, योग्य आहे.' एकही बोरी उघडली नाही.

स्लॅबच्या दिवशी सकाळी आठला सगळा गाव हजर. सेंटरिंग ठोकलेलं, सळई बांधलेली, मिक्सर घरघरत होता, वीसेक माणसं घमेली घेऊन रांगेत उभी. एका बाजूला चुलीवर डेग चढली होती, कारण आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी गावजेवण असतंच. सरपंच नारळ घेऊन उभे. नारळ फोडल्यावर त्यांनी गुळाचा खडा मिक्सरमध्ये टाकायला हात उचलला, तोच बाई मध्ये आल्या. "गूळ देवाले द्या, पोराले द्या. मालात नका टाकू. गोड खाल्लं का सिमेंट झोपते." सरपंच हसले, पण खडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. मलाही तेव्हा हसू आलं होतं. पुढे पुस्तक काढून पाहिलं, तर साखरेनं सिमेंटचं जमणं खरोखर लांबतं असं लिहिलेलं सापडलं. बाई कधी शाळेच्या आत बसल्या नव्हत्या. शाळा बांधतानाच तेवढ्या आत गेल्या.

मग त्यांनी पहिली बोरी उघडली, बाही वर केली आणि हात आत घातला.

डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. हात काढून दुसऱ्या बोरीत घातला. मग तिसऱ्या. चिमूटभर सिमेंट दोन बोटांत चोळलं, बादलीतल्या पाण्यावर टाकून पाहिलं. मागे वळून म्हणाल्या, "मशीन बंद करा."

मिक्सर थांबला.

"हे कोनी खोललं होतं?"

दादाजी पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, अभिमान होता. "म्याच खोललं, बाई. ओलं झालं होतं. मी अन् बुढीनं दोन दिवस वाळवलं, कांडलं, चाळलं. पाहा ना, कसं पिठावानी आहे."

लोकांनी सुस्कारा टाकला. वाळवलं ना, मग झालं. बाई मात्र तशाच उभ्या. "दादाजी, हे पानी पिऊन बसलं आहे. मेलं आहे हे. यानं स्लॅब नाही होत."

सरपंच माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी त परवा पाहून गेलते. सांगा बाईले."

इथे मी जे केलं ते सांगायला अजूनही जीभ जड होते. दादाजी 'ओलं झालं' म्हणाले त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. पुस्तकातली ती चार पानं आठवली, बाईंचं 'एकच डाव' आठवायला फक्त मान वळवायची होती. पण नोंदवहीत माझी सही होती, आणि सगळा गाव पाहत होता. मी म्हणालो, "हो, मी पाहिलंय. ठीक आहे. चालेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळंबा धरून भिंत पाहतात तसं पाहिलं.

आता विचार करा, त्यांच्यापुढे काय होतं. एका बाजूला साहेबाची सही, सरपंच, भाड्यानं आणलेलं मशीन, अर्ध्या गावाची बुडालेली मजुरी आणि डेगीत शिजलेलं जेवण. दुसऱ्या बाजूला त्यांचा एक हात. काम थांबवलं आणि हात चुकीचा निघाला, तर तालुक्यात त्यांना कोणी पुन्हा मिस्त्री म्हणून बोलावलं नसतं. काम केलं असतं, तर त्या स्लॅबखाली तीसेक पोरं बसणार होती.

त्या म्हणाल्या, "साहेबाचं बरोबर असंल. माझा हात चुकला असंल. मले उद्या सकाळपावतर टाइम द्या. हात चुकला निघाला त ही थापी इथंच ठेवतो अन् उद्यापासून तुमच्या घमेल्याच्या लाइनीत उभी राहतो. कोनी मले मिस्त्री म्हनू नका."

आणि त्यांनी खरंच थापी शाळेच्या पायरीवर ठेवून दिली.

गावात एकाचं घरकुलाचं काम चालू होतं. तिथून त्यांनी ओंजळभर ताजं सिमेंट मागून आणलं. दोन कवेलू घेतले. एकावर दादाजींच्या सिमेंटचा पेढ्याएवढा गोळा थापला, दुसऱ्यावर ताज्याचा. पाणी दोन्हींत सारखंच, त्यांनीच मोजून घातलेलं, सगळ्यांसमोर. दुपारी दोन्ही कवेलू घमेल्यातल्या पाण्यात बुडवले आणि घमेलं सरपंचांच्या ओसरीवर ठेवून वर टोपलं झाकलं. स्लॅबचं जेवण स्लॅबशिवायच झालं. वाढणारे हळू बोलत होते. बाई पंगतीच्या टोकाला बसून नीट जेवल्या, भात दोनदा घेतला. मी पानातला भात तसाच टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीपेक्षा जास्त लोक आले. बाईंनी टोपलं काढलं. ताज्या सिमेंटचा गोळा उचलून दादाजींच्या हातात दिला. "फोडा, दादाजी." दादाजींनी दाबला, मग दगडावर आपटला. खण्ण वाजला आणि तसाच राहिला. मग बाईंनी दुसरा कवेलू पुढे केला. दादाजींनी गोळा नुसता दोन बोटांत धरला, तर अंबिलीत भिजलेल्या भाकरीसारखा विरघळून बोटांवर पसरला. ते त्या बोटांकडे पाहतच राहिले.

मग नजरा हळूहळू माझ्याकडे वळू लागल्या. मला त्या अंगावर चढताना कळत होत्या. तालुक्याचा साहेब, पाहून गेला होता, ठीक आहे म्हणाला होता. सरपंचांनी तोंड उघडलं, "पन साहेब, तुमी त..."

"साहेब काय करतीन?" बाई मध्येच बोलल्या. आवाज अगदी साधा. "दादाजीनं बोरी अशी शिवली का कंपनीले नाही जमत. बाहेरून मले बी समजलं नसतं. हात घातल्याबिगर कोनाले समजत नाही." एवढं बोलून त्या पायरीकडे गेल्या आणि थापी उचलून पिशवीत टाकली. विषय संपला. नजरा माझ्यावरून उतरल्या. मी 'दारातून पाहिलं होतं' हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. कोठ्याच्या उंबऱ्यावरून आतल्या बोरीत कोणाचा हात पोचत नाही, हे त्यांना नाही कळणार तर कोणाला?

दादाजी मात्र खळ्याच्या कडेला जाऊन उकिडवे बसले. डोकं गुडघ्यात. "गावाची वस्तू म्या मारली," एवढंच म्हणत राहिले. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "दादाजी, धान असतं त तुमी वाचवलं असतं."

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याला रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, मलाही.

नवीन सिमेंटची सोय आम्ही केली. माझ्या चुकीचा वाटा मी उचलला. पण बाईंनी ते मेलेलं सिमेंटही फेकू दिलं नाही. मुरमात मिसळून खोलीच्या जोत्यात भरायला घेतलं आणि ते पसरायला मुद्दाम दादाजींनाच बोलावलं. "मेलेलं बी भार उचलते. डोक्यावर नाही ठेवायचं, पायाखाली ठेवायचं," असं त्यांचं म्हणणं. दादाजींनी धान पसरावं तशा हातानं ते पसरलं.

स्लॅब पडला. दुसऱ्या दिवशी बाईंनी मातीचे लहान लहान धुरे घालून वर बांध्या पाडल्या, भातखाचरासारख्या, आणि त्यात पाणी साठवलं. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ त्या शिडीनं चढून पाणी पाहायच्या. मजुरीत ते काम धरलेलं नव्हतं. वर भाताची लावणीच करायची असल्यासारखी दादाजी खालून हाक द्यायचे, "बाई, पऱ्हे टाकू का? रोवना होऊन जाईल." बाई वरून म्हणायच्या, "टाका. पर कापाले तुमीच चढा." गावात पुन्हा हसू आलं. आणि त्यानंतर त्यांना तालुक्यात कोणी रेजा म्हटलं नाही.

मी मात्र त्या दिवसाचं ओझं घेऊन फिरत राहिलो. पुढची कित्येक वर्षं बाईंची-माझी कामावर गाठ पडायची. दर वेळी वाटायचं, आज टोमणा येईल. कधी आला नाही. मी बोरी उघडलीच नव्हती, हे त्यांच्या रेजांनाही ठाऊक नव्हतं. मला एक सवय तेवढी लागली: कुठेही गेलो की बाही वर करून बोरीत हात घालायचो. सहकारी हसायचे. हसू देत.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मोहाडीला महिला दिनाचा कार्यक्रम झाला. पंचफुलाबाईंचा सत्कार ठरला. एका पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की स्त्री ही समाजाचं सिमेंट आहे. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या बाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "म्हंजे मले बोरीत शिवून कोठ्यात ठेवतीन का?" मग त्यांच्या खांद्यावर शाल आली. लोकरीची, मरून रंगाची, सोनेरी काठाची. नंतर मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी शाळेची गोष्ट सांगितली. आणि सांगता सांगता, ठरवलं नसताना, उरलेलीही सांगून टाकली: मी बोरी उघडली नव्हती, मला कळलं होतं, तरी मी 'चालेल' म्हणालो, आणि या बाईनं भर गावात मला झाकून घेतलं. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास घेता आला.

खाली उतरलो तर बाई रागावलेल्या. बस स्टँडपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिल्या. गाडी लागली तेव्हा बोलल्या, "कायले सांगितलं, साहेब? ते त कवाचं जमून गेलं होतं. जमलेलं कोनी खोदते का?"

मी म्हटलं, "बाई, माझं जमलं नव्हतं. आतून ओलंच होतं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. तोच ओळंब्याचा डोळा. मग पिशवीतून काढून अर्धी भाकर माझ्या हातात ठेवली आणि गाडीत चढल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मे महिना, दुपारचे दोन, मी लाखांदूरच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका फाट्यावर गाडी थांबली. बाजूला कोणाचं तरी घर बांधायला काढलेलं, नुसते कॉलम उभे. मालक, मजूर, कोणी नाही. लग्नसराई होती, सगळे कुठेतरी गेले असणार. एकटी एक ठेंगणी बाई बादली घेऊन कॉलमवर पाणी ओतत होती. डोक्याला फडकं, अंगात शर्ट. कॉलमना ओली पोती गुंडाळलेली होती. एकाला पोतं कमी पडलं असावं. त्याला मरून रंगाची शाल गुंडाळली होती, सुतळीनं बांधून, आणि सोनेरी काठावरून पाणी निथळत होतं.

मी खिडकीतून ओरडलो, "बाई! ती शाल..."

त्यांनी वळून पाहिलं. ओळखलं. डोळ्यांवर हात धरला आणि तिथूनच म्हणाल्या, "लोकर पानी लय धरते, साहेब."

गाडी सुटली. मागच्या थंडीत त्या गेल्या असं मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी एसटीतून मान वळवून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं: बाईंनी बादली वाकवली, शालीच्या खालच्या कडेला हात लावून ती नीट भिजली का ते पाहिलं, आणि पुढच्या कॉलमकडे गेल्या.